सवडीने पाहण्याचा हक्क

दूरदर्शनचा सारा व्यवहार ज्या एका गृहीतावर उभा आहे, ते इतके अंगवळणी पडले आहे की त्याचा उच्चारही कोणी करीत नाही. ते असे की, सायंकाळी सात ते रात्री दहा हा काळ प्रेक्षकाच्या स्वतःच्या मालकीचा असतो, दिवेलागण आटोपून, हातपाय धुऊन तो पडद्यासमोर स्वस्थ बसलेला असतो, आणि त्याच्या घरात त्या वेळी वीज असते. हे गृहीत मुंबई-पुण्याच्या नोकरदार वस्तीला बऱ्याच अंशी लागू पडत असेल. परंतु बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी या तालुक्यांतून दर वर्षी दसऱ्यानंतर जी लक्षावधी माणसे बिऱ्हाड पाठीवर घेऊन उसाच्या फडाची वाट धरतात आणि पाडव्याच्या सुमारास परततात, त्यांच्या बाबतीत या तिन्ही कलमांपैकी एकही खरे ठरत नाही. त्यांचा दिवस पहाटे तीनला सुरू होतो आणि कारखान्याची गाडी ज्या घटकेला येईल त्या घटकेपर्यंत लांबतो. अशा माणसाला रात्री आठची मालिका रात्री आठलाच पाहावी लागेल असा दंडक घालणे म्हणजे ती त्याला कधीही पाहता येणार नाही असा हुकूम काढण्यासारखेच आहे.

कार्यक्रम मुद्रित करून ठेवावा आणि आपल्या सवडीने पाहावा, ही सोय वरवर पाहता केवढी क्षुल्लक वाटते! सुखवस्तू माणसाच्या चैनीत तिची गणना करण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. प्रस्तुत लेखकाचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. ज्याचा वेळ स्वतःच्या ताब्यात आहे त्याला या सोयीवाचून फारसे काही अडत नाही; ज्याचा वेळ मुकादमाच्या, कारखान्याच्या आणि वीज मंडळाच्या ताब्यात आहे, त्याच्यासाठी मात्र हीच दूरदर्शनची एकमेव वाट आहे. आणि आश्चर्य असे की, गेल्या पन्नास वर्षांत ही सोय यंत्राने, कायद्याने आणि बाजाराने ज्या ज्या रूपात दिली, ती प्रत्येक वेळी पहिल्या प्रकारच्या माणसाला दिली.

या यंत्राची कुळकथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. १९७५ साली जपानच्या सोनी कंपनीने बेटामॅक्स नावाचे घरगुती मुद्रणयंत्र बाजारात आणले आणि पुढच्याच वर्षी जेव्हीसी या दुसऱ्या जपानी कंपनीने व्हीएचएस पद्धतीचे. हीच दुसरी पद्धत पुढे सर्वत्र रूढ झाली आणि आपल्याकडे 'कॅसेट' म्हणून घरोघर माहीत झाली. अमेरिकेतील चित्रपटसंस्थांनी सोनीवर फिर्याद ठोकली. आमच्या मालाची नक्कल करण्याचे हत्यार तुम्ही विकता, असा त्यांचा आरोप होता. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पाच विरुद्ध चार अशा काठावरच्या बहुमताने निर्णय झाला की, घरी बसून कार्यक्रम मुद्रित करणे व नंतर पाहणे हा अपराध नव्हे. या खटल्यात फ्रेड रॉजर्स या मुलांच्या कार्यक्रमांच्या सुप्रसिद्ध सूत्रधाराची साक्ष झाली होती आणि न्यायालयाने तिचा आदराने उल्लेख केला. आपला कार्यक्रम कुटुंबांनी मुद्रित करून त्यांना सोयीच्या वेळी पाहिला तर त्यात आपणास आनंदच आहे, अशा आशयाचे त्याचे म्हणणे होते. ज्याचा माल 'चोरीला' जात होता त्यानेच चोराची बाजू घ्यावी, असा प्रसंग न्यायालयांत विरळाच. इंग्लंडने १९८८ च्या कायद्यात या सोयीसाठी स्वतंत्र कलमच घातले. एकूण काय, प्रेक्षकाच्या सवडीला कायद्याच्या दरबारी मान्यता मिळाली ती अशी.

इकडे बीडमध्ये त्या वेळी दूरदर्शनच नव्हते म्हटले तरी चालेल. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साह्याने देशातील सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांना दूरदर्शन दाखविण्याचा जो प्रसिद्ध प्रयोग झाला, त्यात आपल्या शेजारचा कर्नाटकातील गुलबर्गा जिल्हा होता, महाराष्ट्र मात्र नव्हता. निजामाच्या राजवटीत एकाच अमलाखाली नांदलेल्या गुलबर्गा आणि बीड या दोन जिल्ह्यांपैकी एकाच्या चावडीवर संच आला आणि दुसऱ्याच्या चावडीवर रेडिओच राहिला. १९८३ च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी आकाशात गेला, त्याच्या पुढच्या वर्षी देशभर लहान लहान प्रक्षेपकांचा सपाटा लागला, आणि मराठवाड्याच्या आकाशात चित्रे उतरू लागली. म्हैसमाळच्या डोंगरावरचा आणि पुढे अंबाजोगाईचा असे मनोरे उभे राहिले. परंतु मनोरा उभा राहणे आणि चित्र दिसणे यांत बालाघाटाच्या डोंगररांगांएवढे अंतर होते. उंच बांबूवर ॲल्युमिनियमची अँटेना, तिच्या मध्यावर बूस्टर, माळवदावर एक मुलगा, अंगणात दुसरा आणि आत संचासमोर तिसरा, अशी तीन माणसांची साखळी लावल्यावाचून पडद्यावरच्या मुंग्या हटत नसत. त्यातून संच बाळगावयास टपाल कचेरीचा परवाना लागे. ती प्रथा ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर रद्द झाली. परवाना गेला तेव्हा खेड्यांत संचच मोजके होते, हा भाग निराळा.

मुद्रणयंत्र तर त्याहूनही दुर्मीळ. येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे, कारण या विषयावर लिहिणारे शहरी लेखक तो नेहमी विसरतात. गावोगाव जो 'व्हिडिओ' येत असे, गणपतीत, जावळात, लग्नाच्या आदल्या रात्री वर्गणी काढून ज्याच्यावर लागोपाठ तीन चित्रपट पाहिले जात, तो बहुधा व्हीसीपी असे. म्हणजे तो फक्त दाखवी, मुद्रित करीत नसे. मुद्रित करणारा व्हीसीआर हा निराळा आणि महागडा. तो आखातात नोकरीस गेलेल्या नातलगाकडून यावा, नाही तर एखाद्या डॉक्टराच्या, अडत्याच्या किंवा कंत्राटदाराच्या दिवाणखान्यात दिसावा. तेव्हा बीड जिल्ह्याने 'व्हिडिओ' मनसोक्त पाहिला हे खरे असले, तरी दूरदर्शनचा कार्यक्रम आपल्या हाताने पकडून ठेवण्याचा अनुभव त्याच्या वाट्याला फारसा आला नाही.

ज्यांना तो आला त्यांना त्या विधीचे बारकावे अजून आठवत असतील. एकशेऐंशी मिनिटांच्या फितीत काय काय बसवावे याचा हिशेब. मध्ये येणाऱ्या जाहिराती वगळण्यासाठी बटणावर ठेवलेले बोट. कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा लहानसा तुकडा मोडला की तीवर पुन्हा काही मुद्रित होत नसे, आणि मोडल्याचा पश्चात्ताप झाला तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावली की कॅसेट पुन्हा पहिल्यासारखी. शुभ्र पट्टीवर शाईने लिहिलेले आणि खोडून खोडून पुन्हा लिहिलेले नाव. यंत्रात घड्याळही असे आणि त्यात वेळ लावून ठेवली की यजमान घरी नसतानाही मुद्रण आपोआप सुरू होई, असे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेले होते. पुस्तिका ज्या देशात छापली गेली त्या देशात वीज जात नसावी. आपल्याकडे ती दुपारी एकदा आणि सायंकाळी एकदा जाई; वीज आली की ते घड्याळ बारा वाजून शून्य मिनिटांवर लुकलुकत राही, आणि लावलेली वेळ, तिच्याबरोबर मुद्रणाचा बेत, सर्व काही शून्य होऊन जाई. पुढे भारनियमनाची वेळापत्रकेच वृत्तपत्रांतून छापली जाऊ लागली, तेव्हा प्रेक्षकाला दोन वेळापत्रके मांडून ती जुळवावी लागत. आणि हे कोठे? तर ज्या जिल्ह्यात परळीसारखे औष्णिक वीज केंद्र १९७० च्या दशकाच्या आरंभापासून राज्याला वीज पुरवीत होते, तेथे! धुराडी आपल्या दारात, राख आपल्या शिवारात, आणि अंधारही आपल्याच घरात, असा तो हिशेब होता. २०१३ च्या दुष्काळात पाण्यावाचून ते केंद्रही बंद ठेवावे लागले.

आता ऊसतोड्यांकडे वळू, कारण माझ्या मते या विषयाचे खरे मर्म तेथे आहे. 'महाभारत' ही मालिका २ ऑक्टोबर १९८८ रोजी सुरू झाली आणि २४ जून १९९० रोजी संपली. रविवारी सकाळी दाखविल्या जाणाऱ्या या मालिकेचे ९४ भाग झाले. तिच्या लोकप्रियतेविषयी जे सांगितले जाते, म्हणजे रस्ते ओस पडत, बाजार थांबत, संचाला हार घातला जाई, ते सर्व खरे आहे. परंतु गळीत हंगामाचे पंचांग काढून या तारखा त्यावर ठेवून पाहा. मालिका जेमतेम रंगात येऊ लागली तोच १९८८ चा दसरा झाला आणि टोळ्या निघाल्या. त्या परतल्या तोवर एक हंगाम गेला. पुन्हा दिवाळीच्या सुमारास निघाल्या आणि दुसरा हंगामही त्याच मालिकेच्या पोटात गेला. रविवार हा सुट्टीचा वार, ही कल्पना फडात चालत नाही. कारखान्याची गव्हाण रविवारी थांबत नाही. जो कोयता, म्हणजे नवराबायकोची जी जोडी, उचल घेऊन सांगली-कोल्हापूरकडे गेली, तिने सारा देश पाहत असलेले ते महाभारत निम्म्याच्या आसपास पाहिले असेल, आणि तेही कारखान्याच्या वसाहतीत एखाद्या उघड्या खिडकीपाशी उभे राहून. देशाच्या सामुदायिक स्मरणाचा जेव्हा जेव्हा गौरव होतो तेव्हा या खिडकीबाहेरच्या माणसांची नोंद त्यात नसते, हे मला सांगावेसे वाटते.

त्यांनी मग काय केले? त्यांनी तेच केले जे माणसे नेहमी करीत आली. घरी राहिलेल्यांनी पाहावे आणि बाहेर गेलेल्यांना सांगावे. फडावर मोबाईल पोहोचल्यानंतर तर हे सांगणे फोनवरून होऊ लागले. गावी नातवंडे सांभाळीत बसलेली सासू रात्री मालिका पाही आणि दुसऱ्या दिवशी कोपीत भाकरी थापणाऱ्या सुनेला आदल्या रात्रीचे कथानक ऐकवी, आणि सून तिकडून मोळ्या किती झाल्या ते सांगे. या पद्धतीत जाहिराती गळत आणि खलनायिकेविषयीचे सासूचे मत फुकट मिळे.

त्यानंतर आले ते मेमरी कार्ड. मराठवाड्यातील मुद्रणाचा खरा इतिहास लिहावयाचा झाल्यास व्हीसीआरला त्यात एक परिच्छेद पुरेल आणि मेमरी कार्डाला प्रकरण द्यावे लागेल. साधारण २००८ ते २०१६ या काळात तालुक्याच्या प्रत्येक बसस्थानकाजवळ, आठवडी बाजाराच्या प्रत्येक वाटेवर मोबाईलचे एक तरी दुकान असे, त्यात एक संगणक, आणि त्या संगणकासमोर रांग. "कार्ड भरून द्या," एवढेच म्हणावयाचे. दहा-वीस रुपयांत लोकगीते, भारुडे, कीर्तने, दोन मराठी चित्रपट, कोणत्या तरी मालिकेचे आठ-दहा भाग, असा शिधा त्या नखाएवढ्या तुकड्यात भरून मिळे. दसऱ्याच्या आधीच्या आठवड्यात या दुकानांवर जी झुंबड उडे ती किराणा दुकानांवरच्या झुंबडीहून कमी नसे, आणि तिचे कारणही तेच होते: सहा महिन्यांची बेगमी. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, इंटरनेट स्वस्त झाले, आणि हा धंदा पाहता पाहता बसला. दुकाने अजून आहेत; तेथे आता फुटलेल्या काचा बदलून मिळतात.

या दुकानदाराला कायदा काय म्हणतो? तो त्याला अपराधी म्हणतो, आणि कायद्याच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. परंतु कायदा वाचताना जो तपशील माझ्या नजरेस आला तो वाचकांसमोर ठेवणे अगत्याचे आहे. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमात प्रक्षेपण करणाऱ्या संस्थेला तिच्या प्रक्षेपणावर पंचवीस वर्षांचा हक्क दिलेला आहे, आणि लगेच कलम ३९ मध्ये त्याला अपवादही सांगितलेला आहे: ध्वनीचे वा चित्राचे जे मुद्रण कोणी स्वतःच्या खासगी उपयोगासाठी स्वतः करील, त्याने या हक्काचा भंग होत नाही. चित्रपटासारख्या कृतीच्या खासगी उपयोगासाठी जी मुभा हवी होती तीही २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये आली. तेव्हा घरी बसून मुद्रित करणारा आपल्याकडे निर्दोष आहे, याविषयी संशय नको. प्रश्न आहे तो 'जो मुद्रित करील त्याच्याच उपयोगासाठी' या मर्यादेचा. या मर्यादेचा लाभ कोणाला मिळतो? ज्याच्याकडे यंत्र आहे, वीज आहे, जो घरी आहे किंवा ज्याच्या घरी यंत्र चालविणारे कोणी आहे, त्याला. ज्याचे घर सहा महिने पाचटाची कोपी आहे त्याने मुद्रण स्वतः करावे कसे? त्याच्या वतीने दुसऱ्याने केले तर ते दुसऱ्याचे मुद्रण ठरते. आणि त्या दुसऱ्याने त्याबद्दल दहा रुपये घेतले तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. एकाच कृतीला दिवाणखान्यात मुभा आणि बसस्थानकावर शिक्षा असा हा न्याय आहे. दुकानदार चित्रपटांच्या चोरट्या प्रतीही भरून देत होता, आणि त्याचे समर्थन मी करीत नाही; पण सह्याद्री वाहिनीवरचे कीर्तन आणि कालच प्रदर्शित झालेला चित्रपट यांना एकाच मापाने मोजणे हेही शहाणपणाचे नाही.

कोणी म्हणेल, हा सर्व वाद आता शिळा झाला. हातात मोबाईल आहे, मोबाईलमध्ये सर्व वाहिन्यांची ॲप आहेत, जेव्हा हवे तेव्हा पाहावे. या म्हणण्यात तथ्य आहे, आणि फडावरच्या तरुणांच्या हातांत आज मोबाईल दिसतो हेही मला नाकारावयाचे नाही. तथापि 'हवे तेव्हा' या शब्दांमागे पुष्कळ अटी लपलेल्या असतात. उसाच्या फडात नेटवर्क हवे, कोपीत चार्जिंग हवे, महिन्याचे रिचार्ज हवे आणि ॲपचे वर्गणीमूल्य वेगळे हवे. त्याहून महत्त्वाची गोष्ट ही की, ॲपवर उतरवून घेतलेला भाग आपला नसतोच. मुदत संपली की तो आपोआप निकामी होतो, आणि कंपनीचा करार संपला की आख्खी मालिका एका रात्रीत नाहीशी होते. डिश अँटेनाच्या सशुल्क सेट-टॉप बॉक्सचीही तीच कथा. टाटा स्काय प्लससारखे मुद्रण करणारे बॉक्स २००८ पासून आपल्याकडे आहेत. पण दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१७ च्या विनियमांप्रमाणे अशा बॉक्समधील मुद्रण कूटबद्ध असले पाहिजे आणि ते दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर चालता कामा नये. म्हणजे तुमची मालिका त्या बॉक्सची कैदी. तो बिघडला की तीही गेली. जुन्या कॅसेटचे चित्र धूसर होते, आवाज घोगरा होता, परंतु ती उचलून शेजारच्या गावी मावशीकडे नेता येत होती. कायद्याने जी मुभा दिली ती यंत्राच्या कुलपाने परत काढून घेतली.

मुद्रणाच्या बाजूने दुसरेही एक कारण आहे, आणि ते प्रेक्षकाच्या सवडीहून मोठे आहे. ज्या संस्था कार्यक्रम करतात त्या ते जपतातच असे नाही. चित्रफिती महाग होत्या त्या काळी त्या पुसून पुन्हा वापरण्याची रीत जगभर होती आणि आपले दूरदर्शनही तिला अपवाद नव्हते. दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांची चिमणराव-गुंड्याभाऊंची मालिका सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई केंद्राने दाखविली, महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली, आणि आज तिचे फारच थोडे भाग पाहावयास मिळतात. ब्रिटनच्या बीबीसीने 'डॉक्टर हू' या आपल्या अतिलोकप्रिय मालिकेचे शंभराच्या घरातील भाग असेच गमावले. पण त्या प्रत्येक हरवलेल्या भागाचा ध्वनी आज उपलब्ध आहे, कारण कोण्या तरी प्रेक्षकाने घरी संचासमोर ध्वनिमुद्रक ठेवून तो पकडला होता. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे मॅरियन स्टोक्स नावाच्या बाईंनी, ज्या एके काळी ग्रंथपाल होत्या, सुमारे तीस-पस्तीस वर्षे अहोरात्र दूरदर्शनच्या बातम्या मुद्रित केल्या. २०१२ मध्ये त्या वारल्या तेव्हा त्यांच्यामागे सत्तर हजारांच्या आसपास कॅसेट उरल्या. शेजाऱ्यांनी त्यांना वेड्यात काढले असेल तर नवल नाही. आज तो साठा ऐतिहासिक दफ्तर म्हणून जपला जात आहे.

अंबाजोगाईकरांना तरी हा विचार परका वाटू नये. सोळाव्या शतकात त्यांच्याच गावी दासोपंतांनी आपले 'पंचीकरण' सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहून काढले. ती पासोडी आजही तेथे आहे. जे टिकावे असे वाटते त्यासाठी हाताशी असेल ते साधन वापरावे, आणि ते राजाश्रयाची वाट न पाहता आपल्या घरी करावे, एवढा बोध कापडाच्या त्या पट्ट्यावरूनही घेता येण्याजोगा आहे.

या हक्काविरुद्ध एक आक्षेप सज्जन माणसे घेतात, त्याला उत्तर दिले पाहिजे. ते म्हणतात, आधीच माणसे पडद्यापुढे वेळ दवडतात. त्यात साठवून पाहण्याची सोय केली तर व्यसन बळावेल. मला हा आक्षेप पटत नाही. वेळापत्रकाचा गुलाम झालेला प्रेक्षक आठ वाजता संचासमोर बसतो आणि पुढचे जे जे येईल ते पाहत अकराला उठतो. साठवून पाहणारा जे निवडले तेवढे पाहतो आणि उठतो. शिवाय, दिवसभर दुसऱ्याच्या वेळापत्रकाने वाकणाऱ्या माणसाने विरंगुळ्याच्या अर्ध्या तासाचीही दुसऱ्याकडून वेळ ठरवून घ्यावी, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी स्वतः कधी मोळी बांधून पाहावी.

तेव्हा करावे काय? सशुल्क वाहिन्यांची कुलपे उघडावीत असा अर्ज मी करणार नाही. तो फेटाळला जाणार हे उघड आहे. परंतु सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या प्रसार भारतीची गोष्ट निराळी आहे. तिची सह्याद्री वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ पासून मराठीत चालते; २००४ च्या डिसेंबरात सुरू झालेल्या तिच्या विनामूल्य उपग्रहसेवेची, आजच्या फ्री डिशची, छत्री वाडीवस्तीवर दिसते; आणि तिच्यासाठी बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ स्वस्त बॉक्सना पेन ड्राइव्ह लावण्याची खाच आणि मुद्रणाचे बटण असतेच. दूरदर्शनने स्वतः निर्माण केलेल्या कार्यक्रमांचा स्वामित्वहक्क दूरदर्शनकडेच आहे, आणि तो साठ वर्षांचा असल्यामुळे मुंबई केंद्राचे सर्वात जुने कार्यक्रमही अजून त्याच्याच कक्षेत आहेत. म्हणजे ते वाटावे की कोंडावे हे ठरविण्यास संसदेचा कायदा लागत नाही, बाहेरच्या निर्मात्याची संमती लागत नाही, एक कार्यालयीन आदेश पुरतो. त्या आदेशात इतकेच असावे की, सह्याद्रीची स्वनिर्मित कीर्तने, शेतीविषयक चर्चा, नाटके आणि जुन्या मुलाखती या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता पावलेल्या वाचनालयांना साठवून ठेवता येतील, आणि वाचनालय त्या सभासदाच्या मेमरी कार्डावर उतरवून देऊ शकेल. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे या वाचनालयांची वर्गवार यादी तयारच असते. जे काम बसस्थानकावरचा दुकानदार चोरून करीत होता तेच काम यामुळे गावच्या वाचनालयात उजळ माथ्याने होईल, आणि वर्तमानपत्रांपलीकडे ज्यांच्याकडे कोणी फिरकत नाही अशा कित्येक 'ड' वर्गाच्या वाचनालयांना वर्षातून काही दिवस तरी गर्दी पाहावयास मिळेल.

यात एक अट मात्र कचेरीतील माणसाला सुचणार नाही म्हणून येथेच लिहून ठेवतो. योजना एप्रिलमध्ये, म्हणजे आर्थिक वर्षाच्या आरंभी सुरू करण्याची आपल्या खात्यांची खोड आहे. एप्रिलमध्ये टोळ्या गावी परतलेल्या असतात, त्यांच्या हाती उचलीतून उरलेला हिशेब असतो आणि पुढ्यात लग्नसराई व पेरणीची तयारी. कार्डे भरून द्यावयाची ती आश्विनात, घटस्थापनेपासून दसऱ्यापर्यंत, आणि वाचनालयाची वेळ त्या दहा दिवसांत सकाळी दहा ते पाच अशी न ठेवता रात्री नऊपर्यंत ठेवावी लागेल, कारण दिवसभर माणसे मुकादमाकडे, बैलांच्या नालबंदीकडे आणि मुलांना हंगामी वसतिगृहात ठेवण्याच्या खटपटीत गुंतलेली असतात.